टेनरची वही

शिरोडा, ६ ऑगस्ट २०२४

ओंकार,

तुझा नंबर माझ्याकडे आहे. लावला तर तू उचलशील, "टीचर, बऱ्या आसात मां?" म्हणशील, मी हो म्हणेन आणि ठेवून देईन. सात वर्षांनंतर तेवढंच बोलून चालणार नाही, म्हणून पत्र.

मुद्दा आधी सांगते. रविवारी, २९ सप्टेंबरला दुपारी चार वाजता आमच्या घरी आपलं ते पाच आवाजांचं माद्रिगाल गायचं आहे. वरचे दोन आवाज वेनेसा आणि किशोरी. माझी भाची वेनेसा आता पणजीला बँकेत आहे. किशोरी अजून आरोग्य केंद्रातच नर्स आहे. मधला आवाज मी, सगळ्यात खालचा तुझ्या मास्तरांचा, जासिंतचा. आमच्या दोघांच्या मधला टेनर नाही. टेनर तू आहेस.

किशोरीच्या आईने परवा मला विचारलं, माद्रिगाल म्हणजे असतं तरी काय? मी म्हटलं, साडेचारशे वर्षांपूर्वीची इटलीतली गाणी. देवाची नव्हेत, माणसांची. पाच जण एकाच वेळी पाच निरनिराळ्या चाली गातात आणि तरी गाणं एकच असतं. त्या म्हणाल्या, "म्हंजे आमच्या घरात बोलतत तसां." मला ही व्याख्या पटली.

आता काय घडलं ते. जुलैत पणजीला पाच दिवसांची शिकवणी होती. बोलोन्याहून लुचिया नावाची बाई आली होती, ही जुनी गाणी गाणारी. वेनेसा मला ओढून घेऊन गेली. जासिंत आले नाहीत. चाळीस वर्षं चर्चचा कॉयर बसवलेल्या माझ्या नवऱ्याला कोण शिकवणार!

लुचियाने आम्हाला एका टेबलाभोवती बसवलं आणि प्रत्येकीच्या हातात वेगळी वही दिली. त्यात फक्त आपापली ओळ. दुसरा काय गातो ते दिसत नाही, मात्रा मोजायला उभ्या रेघा नाहीत, समोर हात हलवणारा कुणी नाही. त्या काळी असंच गायचे म्हणे, जेवणं झाल्यावर, स्वतःसाठी. ऐकणारे असले तर असले. मी तीस वर्षं अल्टो, म्हणजे हा मधला आवाज, गाते आहे. त्या दिवशी पहिल्यांदा मला कळलं, की मी गाताना कुणाकुणाला टेकून उभी असते.

मी तिला जासिंतच्या कॅसेटबद्दल सांगितलं, ज्यावरून आपण सगळे शिकलो. ती हसली. म्हणाली, एके काळी ही गाणी चाळीस-चाळीस माणसं चर्चमधल्यासारखी संथ गात. मग काही लोकांनी माणसं पाचावर आणली, आवाज सरळ केले, धुऊन पांढरे केले. तुमची कॅसेट त्यांची असणार. पुढे इटलीतल्याच गायकांनी विचारलं, अहो, पण शब्द कुठे गेले? "आम्हीसुद्धा चुकत असू," ती म्हणाली, "पण निदान जुनी पुस्तकं वाचून चुकतो."

त्या जुन्या पुस्तकांत काय लिहिलंय ठाऊक आहे? शेवटाआधीचा लांब स्वर कुणी तसाच रिकामा ठेवत नसे. गळ्यातून भरभर फिरवून तो भरत. फेरारा गावच्या दरबारात तीन बायका त्यासाठीच नावाजलेल्या होत्या. लुचियाने गाऊन दाखवलं आणि मी खुर्चीतून उठून उभी राहिले. ओंकार, ती तुझी जागा होती. तान तुझी नव्हती, पण जागा तीच. जिथे तू मडगावला घेतलीस.

मडगावचं आज लिहीत नाही.

तुझ्या ओळीचा कागद सोबत पाठवते आहे. बाकीच्यांचे मुद्दाम पाठवलेले नाहीत.

ईडा टीचर


शिरोडा, २४ ऑगस्ट

ओंकार,

पत्र पोचलं असणार. फोंडाघाटच्या पोस्टमनला तुझा काजूचा कारखाना सापडत नाही असं होणार नाही.

तू उत्तर दिलं नाहीस म्हणून तालमी थांबलेल्या नाहीत. वेनेसा शनिवारी येते. तुझी खुर्ची मांडलेली असते आणि तुझ्या ओळीच्या जागी आम्ही मनात मोजतो. भयंकर वाटतं ते, पुलाचा मधला खांब नसावा तसं.

तुझ्या मास्तरांशी माझं कसं चाललंय ते ऐक. पहिल्या दिवशी मी सांगितलं, या खेपेला कुणी हात हलवायचे नाहीत.

"हातात काठी नाय तर मी करू काय?"

"गा."

"आणि मेळ कोण सांभाळतलो?"

"पाचय जणां."

"पाच जणांनी सांभाळलेलो मेळ मी पंचायतीत बगलंय."

मग पेटीवरून झालं. त्यांनी ती टेबलावर आणून ठेवली. मी आतल्या खोलीत नेऊन ठेवली. असं तीनदा. शेवटी किशोरीने मोबाइलवर तानपुरा लावला आणि त्यांना शांतपणे म्हणाली, "मास्तर, आता ह्येच्यावर पेटीचो गंधार दाबा." त्यांनी दाबला. तानपुऱ्यातून आपसूक उमटणारा गंधार खाली राहिला आणि पेटीचा वर चढून थरथरू लागला. खोलीतल्या सगळ्यांना ऐकू आलं. जासिंतने भाता बंद केला, पट्टा लावला, म्हणाले, "पावसान बिगाडली आसतली." पण त्या दिवसापासून पेटी बाहेर आलेली नाही.

हीच गोष्ट तू त्यांना सांगितली होतीस, तुझ्या बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी. "पेटी सोडून गाऊया काय, मास्तर?" म्हणाला होतास. त्यांनी तुला विचारलं होतं, पेटी जुनी का तू जुना?

तू मात्र एका बाबतीत चुकत होतास, तेही सांगते. तू शब्द पाठ करायचास, समजून घ्यायचा नाहीस. त्या गाण्यातला माणूस किनाऱ्यावर उभा राहून, सोडून गेलेल्या माणसाबद्दल बोलतो आहे. मधे मधे स्वर अर्ध्यावर तुटतो, आठवतं? जासिंत तिथे पेटी भरायचे. इटालियनमध्ये त्या छोट्या विश्रांतीचं नावच उसासा आहे. त्यात काही भरायचं नसतं, नुसता श्वास घ्यायचा, ऐकू येईल असा. कागदाच्या मागे मी सगळ्याचा अर्थ मराठीत लिहून दिलाय. अर्थ न कळता घेतलेली तान मला चालणार नाही.

२९ तारीखच का, असं तुझ्या मनात येईल. वेनेसाला तेव्हाच रजा आहे. दुसरं काही नाही.

चतुर्थीत तुझा गळा कामाला असणार. भजनाच्या बाऱ्या झाल्या की दोन दिवस विश्रांती दे आणि मग कागद उघड.

ईडा टीचर


शिरोडा, १२ सप्टेंबर

ओंकार,

पाकीट मिळालं. तू कागद परत केलास आणि त्यावर पेन्सिलीने लिहिलंस: "मास्तर काय बोलले ते माझ्या लक्षात आहे. तुम्ही काय केलंत ते तुम्ही लिहा."

दोन दिवस मी ते जासिंतला दाखवलं नाही. आता लिहिते. शाळेत तुला सांगायचे ना, प्रश्नात विचारलंय तेवढंच आणि सरळ लिही.

डिसेंबर २०१७, मडगावची स्पर्धा. आपलं दुसरं गाणं, म्हणजे हेच माद्रिगाल, चालू होतं. शेवटाआधीच्या लांब स्वरावर तू तान घेतलीस. लांब नव्हती, आमच्यातल्या कुणाला अडथळाही झाला नाही. जासिंतने काठी स्टँडवर आपटून गाणं थांबवलं. निवेदनाचा माइक चालू होता. ते म्हणाले, "ओंकार, ही डबलबारी नाय." तीनशे माणसं हसली. तुझे वडील तिसऱ्या रांगेत होते. शंकरबुवा, ज्यांनी आयुष्यभर डबलबारीतच, दोन बुवांच्या सामन्यांत, भजनं म्हटली आणि ज्यांच्या गळ्यातून ती तान तुझ्याकडे आली. ते हसणं तुझ्यापर्यंत पोचलं ते त्यांच्यावरून.

तू तुझी फाइल खुर्चीवर ठेवलीस. आपटली नाहीस, नीट ठेवलीस. आणि गेलास.

मग जासिंतने माझ्याकडे बघितलं. डोळ्यांनी तुझ्या फाइलकडे खूण केली. मी माझी ओळ सोडली आणि तुझी फाइल उचलली. माझा आवाज खाली जातो, टेनर मला जमतो. मी तुझी ओळ गायले. तो स्वर सरळ ठेवला, त्यांना हवा होता तसा. अल्टो कुणीच गात नव्हतं आणि ऐकणाऱ्यांपैकी एकालाही ते कळलं नाही. आम्हाला दुसरं बक्षीस मिळालं. तू बाहेर पॅसेजमध्ये उभा राहून ते ऐकलंस, हे किशोरीने मला नंतर सांगितलं.

आणखी एक, जे तू विचारलेलं नाहीस. तुझी तान चुकीची नव्हती हे मला त्याच क्षणी कळलं होतं. पणजीला जाऊन नाही कळलं. माझा कान जासिंतपेक्षा चांगला आहे. लग्नानंतर सहा महिन्यांत हे माझ्या लक्षात आलं आणि छत्तीस वर्षं मी ते कुणाला कळू दिलं नाही. घरात बरं चालतं त्याने. तुझ्या बाबतीत मात्र त्याची किंमत तू मोजलीस.

हे झालं उत्तर. माफी मागते, पण माफी मिळवण्यासाठी हे लिहिलेलं नाही.

जासिंतने परवा सुचवलं, "टेनर तूच म्हण. अल्टोक कोण पण मेळतलां." मी नाही म्हटलं. का, ते त्यांना सांगितलं, मडगावसकट. ते उठून माडांना पाणी घालायला गेले. पाऊस पडत होता.

कागद पुन्हा पाठवते आहे. परत आला तर पुन्हा पाठवीन. पोस्ट आमच्या घरापासून पाच मिनिटांवर आहे.

ईडा


शिरोडा, २० सप्टेंबर

ओंकार,

काल तू फोन केलास आणि एकच विचारलंस: "टीचर, ऑपरेशन कधी?" मी तारीख सांगून फोन ठेवला, कारण मला राग आला होता. तुझा नाही, किशोरीचा. तिला मी बजावून ठेवलं होतं.

३ ऑक्टोबरला, बेळगावला. थायरॉइडची गाठ आहे, काढावी लागणार. तिच्या अगदी बाजूने आवाजाच्या शिरा जातात. डॉक्टरांनी विचारलं, "काम काय करता?" मी म्हटलं, निवृत्त शिक्षिका. ते म्हणाले, मग थोडाफार आवाज बदलला तरी अडणार नाही. मी म्हटलं, डॉक्टर, मी गाते. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि पुन्हा पहिल्यापासून समजावून सांगितलं. ते काळजी घेणार आहेत. शब्द कुणीच देत नाही.

म्हणून २९ तारीख. वेनेसाची रजा हे मी खोटं लिहिलं होतं.

तू माझ्या गळ्याची कीव येऊन येणार असशील तर येऊ नकोस. हे मी मनापासून सांगते. तसा आलास तर तू माझ्याकडे बघत गाशील आणि टेनर कुणाकडे बघत नाही, तो ऐकतो. ती ओळ तुझी आहे असं वाटलं तरच ये. नाही आलास तर आम्ही चौघं रिकाम्या जागेसकट गाऊ. ठरलंय ते.

आता जासिंतचं. बुधवारी सकाळी ते न सांगता बाहेर पडले. दुपारी जेवायला नाहीत. फोन घरात. मी बंदरापर्यंत माणूस पाठवला. संध्याकाळी साडेसातला आले, चपला चिखलाने भरलेल्या.

"खंय होतास?"

"फोंडाघाटाक."

"ओंकारकडे?"

"तो कारखान्यार होतो. शंकरबुवांक भेटलंय."

"काय बोललास?"

"तेंनी चाय केली. मी पिलंय."

"जासिंत."

मग खुर्चीवर बसले आणि चपलेचा चिखल काडीने काढत राहिले. म्हणाले, "मी तेंका म्हटलंय, बुवा, त्या दिवशी मी तुमच्या गाण्यार लोकांक हसवलंय. माका तुमचा गाणां म्हायतच नाय. एकदा म्हणशात?" आणि बुवांनी म्हटलं म्हणे. पखवाज नाही, टाळ नाही, चटईवर बसून. ऐंशीच्या घरातला माणूस. जासिंत एवढंच बोलले, "दम बग गो तेंचो, ईडा. श्वास खंय घेतत ता कळत नाय."

तुझे वडील तुला हे बोलले की नाही, मला माहीत नाही. जासिंत तर तुला कधीच सांगणार नाहीत, म्हणून मी सांगते.

बुवांकडे ते तुझी वही ठेवून आलेत. आपल्या पाचही जणांच्या वह्या जासिंतने गेल्या आठवड्यात हाताने लिहून काढल्या, चष्मा लावून, पट्टी घेऊन. उभ्या रेघा न मारता लिहिणं त्यांना फार जड गेलं. दोन पानं फाडली. जो कागद मी तुला दोनदा पाठवला त्यावर त्या लांब स्वराच्या डोक्यावर त्यांच्या लाल पेन्सिलीने 'सरळ' लिहिलेलं होतं. माझ्या लक्षातच आलं नाही, की तेवढं तुला पुन्हा वाचायला लागेल. नव्या वहीत तिथे काही लिहिलेलं नाही. वरची दोन बोटं जागा कोरी सोडली आहे.

चार वाजता. साडेतीनला आलास तर सोलकढी मिळेल.

ईडा


शिरोडा, ११ नोव्हेंबर

ओंकार,

महिनाभर बोलणं बेताचंच होतं, म्हणून तुला फोन केला नाही. किशोरीकडून बातम्या कळत असतील. आता हातात पेन आहे तर त्या दुपारबद्दल लिहून टाकते. तू होतासच तिथे, पण तू लगेच निघालास, आणि माझ्या खुर्चीवरून काय दिसलं ते तुला माहीत नाही.

तू चारला पाच मिनिटं कमी असताना आलास. हेल्मेट काढलंस, कुणाच्या पाया पडला नाहीस, कुणाला हसला नाहीस, सरळ तुझ्या खुर्चीवर बसलास. मला बरं वाटलं. वेनेसाने सूर दिला आणि आपण सुरू केलं, आणि दुसऱ्याच ओळीत जासिंतचं बोट टेबलावर ठोके द्यायला लागलं. त्यांना स्वतःला कळलं नव्हतं. तू थांबलास. मग सगळे थांबले. तू वही मिटलीस आणि त्या मिटल्या वहीवर हात ठेवून बसलास. मला वाटलं, संपलं.

जासिंतने ते बोट दुसऱ्या हाताच्या मुठीत धरलं. म्हणाले, "माजा चुकला. परत."

ओंकार, चाळीस वर्षांत त्यांनी 'परत' हजारो वेळा म्हटलं असेल. त्याच्या आधीचं 'माजा चुकला' मी तरी कधी ऐकलं नव्हतं. तू मान वर केली नाहीस, फक्त वही उघडलीस.

मग गाणं झालं. त्यातलं सगळं मला आठवत नाही आणि आठवायचंही नाही. पहिल्या उसाशाला पाचही जणांनी एकदम श्वास घेतला, तो मला टेबलाच्या लाकडातून जाणवला असं वाटलं. शेवटाआधीचा स्वर आला. तू लगेच तान घेतली नाहीस. थांबलास, स्वर नुसता धरून ठेवलास, मला वाटलं तू सरळच नेणार. आणि मग घेतलीस, हळू, वरून खाली, पायऱ्या मोजत उतरावं तशी. मी बघितलं. जासिंत खाली एकच स्वर धरून बसले होते, डोळे मिटून, आणि तो तसूभरही हलला नाही. तुझ्या तानेला खालून आधार लागतो, तो त्यांनी दिला.

मग माझी ओळ तशाच जागी आली. मी काही ठरवलं नव्हतं. एकसष्ट वर्षांची बाई, चार दिवसांनी गळा कापायचा. मी तान घेतली. वाकडीतिकडी, कुठल्याही पुस्तकात न बसणारी. किशोरी हसू दाबताना मी बघितलं. पण घेतली, आणि सुरावर येऊन थांबले.

त्यानंतर तू चहासुद्धा न घेता निघालास. गाडीला किक मारून म्हणालास, "टीचर, तुमची तान बारीत चलात." मला दुसरं बक्षीस नको.

आता गळ्याचं. आवाज आहे. बोलता येतं, माणसाला हाक मारता येते, दूधवाल्याशी भांडता येतं. वरचे स्वर गेले. डॉक्टर म्हणतात, त्या शिरेला थोडा धक्का बसलाय, सहा महिन्यांत परत येतील किंवा येणार नाहीत. मी रोज सकाळी मोबाइलवर तानपुरा लावून बघते. जिथून पूर्वी माझा आवाज मोकळा व्हायचा, तिथे आता नुसती हवा येते. पहिल्या आठवड्यात मी रडले. जासिंत दाराबाहेर उभे राहायचे आणि आत यायचे नाहीत, ते बरं करायचे. दुसऱ्या आठवड्यात मी खाली काय उरलंय ते मोजायला बसले. खाली पुष्कळ उरलंय. दोन स्वर तर नवीन सापडले, पूर्वी कधी नव्हते.

तेव्हा मी वेनेसाला कामाला लावलं. तिने लुचियाला विचारून यादी मागवली. या गाण्यांच्या छापील संचात पाचव्या आवाजाची एक वेगळी वही असायची, क्विंतो म्हणतात. तो पाचवा आवाज कधी सर्वांत वरच्याचा जोडीदार असतो, तर कित्येक गाण्यांत टेनरचा. म्हणजे दोन टेनर, एकाच उंचीचे, एकमेकांच्या वर-खाली जाणारे, कधी एक पुढे, कधी दुसरा. अशी तीन गाणी मी निवडली आहेत. किशोरी अल्टोवर जायला तयार आहे. ती म्हणते, मधे बसून सगळ्यांवर लक्ष ठेवायला तिला आवडेल.

एक गोष्ट सांगून ठेवते. मी कुणाच्या मदतीला दुसरा टेनर होणार नाही. त्या ओळी बरोबरीच्या आहेत. तू तान घेतलीस की पुढच्या ठिकाणी माझी पाळी, आणि तू थांबून ऐकायचंस. आजारी माणूस म्हणून जागा सोडलेली मला लगेच कळेल.

जासिंत वह्या लिहायला बसलेत. विचारत होते, दोन्ही टेनरमधली पहिली वही कुणाच्या नावाने करू? मी म्हटलं, दोन्ही वह्यांवर नाव घालू नको, आम्ही गाऊन ठरवू.

येत्या रविवारी, १७ तारखेला, साडेतीनला सुरुवात. जेवून ये, पण पोटभर नको. आणि बुवांना विचार, त्यांना गाडीवर बसवत असेल तर त्यांनाही घेऊन ये. जासिंतने त्यांच्यासाठी हाताची खुर्ची आणून ठेवली आहे आणि मला ती हलवू देत नाहीत.

ईडा